प्रोजेक्टला टेक्स्ट एडिटर घेतला, त्याची पहिल्यापासूनची हकीकत

शुक्रवारी ५ एप्रिलला व्हायवा (तोंडी परीक्षा) झाला, काल पाडवा झाला, आणि आज बऱ्याच दिवसांनी कुठं सही घ्यायला जायचं नाहीये म्हणून हे लिहायला बसलोय. आम्ही दोघांनी, मी आणि माझ्या पार्टनरनं, बीएस्सी ईसीएसच्या (एंटायर कॉम्प्युटर सायन्स) शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या कमांड टाईप करायच्या विंडोमध्ये, चालणारा टेक्स्ट एडिटर (साधा मजकूर लिहायचा-बदलायचा प्रोग्राम) केला, सी भाषेत, एडिटरची किंवा स्क्रीनची कुठलीही तयार लायब्ररी (दुसऱ्यानं लिहिलेला कोड) न घेता. डिसेंबरमध्ये सुरू करायच्या आधी मराठीत कुणी असं काही लिहिलंय का म्हणून लई शोधलं होतं, काहीच हाताला लागलं नाही. पुढच्या वर्षी सोलापुरात कुणाच्या डोक्यात हा विषय आला तर कुठं काय अडतं ते आधी कळावं म्हणून तारखा, खर्च, सह्या सगळं लिहितोय.

४ डिसेंबरला डिपार्टमेंटच्या बोर्डावर नोटीस लागली. दोघादोघांचे ग्रुप, १५ तारखेपर्यंत सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा थोडक्यात आराखडा), दोन प्रती, गाईडची सही घेऊन. माझा पार्टनर पूर्व भागातला, अशोक चौकाजवळ राहतो, घरात तेलुगू, वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. मी जुळे सोलापूरचा. वर्गातल्या बहुतेकांनी मॅनेजमेंट सिस्टीम घेतली, हॉस्पिटल, लायब्ररी, मेस वगैरे, त्यात वाईट काही नाही, उद्या नोकरीत तेच करायचंय. पण आम्हाला ते करायचं नव्हतं.

एडिटरचा विषय पार्टनरनं काढला. विम नावाचा एडिटर करणारे ब्राम मोलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये गेले, ती बातमी त्यानं वाचली होती. त्यांनी १९९१ मध्ये विमचं पहिलं व्हर्जन लोकांना दिलं आणि शेवटपर्यंत त्यावरच काम करत राहिले. नुसता विम उघडला की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी एक ओळ दिसते ती त्यांनीच घातलेली. लॅबमध्ये आम्ही दोन वर्षं ती ओळ बघत होतो आणि ती कुणाची हे माहीतच नव्हतं. पार्टनर म्हणाला, आपण रोज यात टाईप करतो पण कीबोर्डवरची की दाबल्यावर अक्षर स्क्रीनवर येईपर्यंत मधे काय होतं ते आपल्याला येतं का बे? नव्हतं येत. तोच आमचा विषय झाला.

पहिली सिनॉप्सिस परत आली. आमच्या गाईड मॅडम रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "अरे, एडिटर म्हणजे नोटपॅडच ना? त्यात तुम्ही नवीन काय करणार? आणि मार्कांच्या शीटवर डेटाबेस डिझाईनला मार्क आहेत, ईआर डायग्राम पाहिजे, ते मार्क मी तुम्हाला कशाचे देऊ?" प्रश्न बरोबर होता. दोन दिवस डोकं खाजवून आम्ही दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे टेबल डिझाईनच्या जागी डेटा स्ट्रक्चर डिझाईन असं प्रकरण टाकलं आणि सी मधल्या प्रत्येक स्ट्रक्टचं (एकत्र बांधलेल्या माहितीचं) टेबल केलं, फील्डचं नाव, टाईप, कशासाठी, अगदी डेटाबेसच्या टेबलासारखंच. दुसरं, नवीन काय याचं उत्तर म्हणून मराठी मजकूर नीट एडिट करता येईल असं लिहिलं. ते लिहिताना ते किती अवघड जाणार आहे याची काहीच कल्पना नव्हती. २२ डिसेंबरला सही मिळाली. ज्यांच्या प्रोजेक्टला डेटाबेस नाही त्यांनी फॉर्मॅटशी भांडू नका, त्याच रकान्यात बसेल असं आपलं काय आहे ते शोधा, आणि सिनॉप्सिसवर मंजूर झालेलं शीर्षक जसंच्या तसं कुठंतरी कॉपी करून ठेवा, ते का ते पुढं येईल.

नाव 'धोटा' ठेवलं. मागावर धोटा इकडून तिकडं जातो आणि एकेक धागा भरत जातो, कर्सरचं पण तसंच आहे. हे नाव पार्टनरच्या वडिलांनी सुचवलं.

२६ डिसेंबरला कोड सुरू केला, माझ्या जुन्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स टाकून. पहिला धक्का पहिल्याच तासात बसला. आम्ही एक साधा लूप (तेच काम परत परत करणारा कोड) लिहिला, दाबलेली की वाचायची आणि तिचा नंबर छापायचा, तर काही केल्या छापेना, एंटर दाबला की मग सगळे नंबर एकदम. टर्मिनल नेहमी ओळ पूर्ण होईपर्यंत स्वतःकडं ठेवतो, बॅकस्पेस वगैरे तोच सांभाळतो आणि एंटरनंतर तयार ओळ प्रोग्रामला देतो. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवाले याला कुक्ड मोड म्हणतात, म्हणजे शिजवलेलं. एडिटरला पाहिजे कच्चं, रॉ मोड, एकेक बाईट (० ते २५५ मधला एक आकडा) जशी दाबली तशी. त्यासाठी टर्मिऑस नावाचं स्ट्रक्चर वाचायचं, त्यातले काही फ्लॅग (चालू-बंद करायच्या सेटिंग) बंद करायचे आणि परत लिहायचं. इको बंद केला की टाईप केलेलं आपोआप दिसायचं थांबतं, आयकॅनन बंद केला की एंटरची वाट बघणं थांबतं, आयसिग बंद केला की कंट्रोल-सी नं प्रोग्राम मरत नाही. ऑपोस्ट बंद केला तेव्हा आमच्या ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तिरक्या छापायला लागल्या, कारण न्यूलाईननं कर्सर फक्त खाली जातो, डावीकडं आणायला कॅरेज रिटर्न आपणच द्यावा लागतो, एरवी ते काम ऑपोस्ट गुपचूप करत असतो.

इथं एक लक्षात ठेवा. प्रोग्राम मधेच मेला तर टर्मिनल त्याच कच्च्या अवस्थेत राहतो, काय टाईप करतोय ते दिसत नाही. घाबरून विंडो बंद करू नका, न दिसता 'रीसेट' ही कमांड टाईप करायची आणि एंटर मारायचा, जागेवर येतो. आणि बाहेर पडताना जुनी सेटिंग परत लावायचं फंक्शन ॲट-एक्झिटला (प्रोग्राम संपताना आपोआप चालवायच्या यादीला) पहिल्याच दिवशी जोडून टाकायचं.

सेव्हसाठी कंट्रोल-एस ठेवायचं ठरवलं होतं. पार्टनरनं दाबलं आणि सगळं थिजलं. "अबे, हँग झालं बे." अर्धा तास आम्ही आमच्या कोडमध्ये चूक शोधत होतो आणि चूक तिथं नव्हतीच. टेलिटाईपच्या (टायपरायटरसारख्या जुन्या टर्मिनलच्या) जमान्यापासून कंट्रोल-एस म्हणजे आऊटपुट थांबव आणि कंट्रोल-क्यू म्हणजे चालू कर, आणि टर्मिनल ते अजून पाळतो. आयएक्सऑन नावाचा फ्लॅग बंद करायचा राहिला होता. तुम्हाला कधी टर्मिनल अडकल्यासारखा वाटला तर एकदा कंट्रोल-क्यू दाबून बघा, बऱ्याचदा नकळत एस दाबला गेलेला असतो.

बाणाच्या की बद्दल थोडं. वरचा बाण दाबला की एक बाईट येत नाही, तीन येतात, २७, ९१, ६५. खालच्याला शेवटी ६६, उजव्याला ६७, डाव्याला ६८. बॅकस्पेस ८ देईल असं वाटलं होतं, आमच्याकडं १२७ आला. आम्ही एक पूर्ण संध्याकाळ कीबोर्डवरच्या एकेका कीचे नंबर वहीत उतरवत बसलो, ती वही पुढं रिपोर्टमध्ये टेबल म्हणून जशीच्या तशी कामाला आली.

जानेवारीत स्क्रीनचं काम. एस्केप सिक्वेन्स, म्हणजे टर्मिनलला हुकूम देणाऱ्या खास बाईट, पाठवून स्क्रीन पुसायची, कर्सर वर न्यायचा, एकेक ओळ छापायची. झालं ते, पण प्रत्येक कीला स्क्रीन लुकलुकायची, दहा मिनिटांत डोळे दुखायला लागायचे. इलाज साधा निघाला, प्रत्येक ओळीला वेगळं राईट न करता सगळं एका बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) साठवायचं आणि एकदाच पाठवायचं, तेवढ्यापुरता कर्सर लपवायचा, आणि पूर्ण स्क्रीन न पुसता ओळीचा शेवट तेवढा पुसायचा. मग संक्रांत आली, सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, आणि सोलापुरात राहून त्या दिवसांत कोड लिहिणं काय जमत नाही. चार-पाच दिवस एक ओळ लिहिली नाही, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आणि होम मैदानावर फिरण्यात गेले. त्या आठवड्याची प्रोजेक्ट डायरी मात्र रिकामी राहिली आणि मॅडमनी सही करताना ते विचारलं. मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तसंच लिहा, काम झालं नाही म्हणून." डायरीत खोटं भरू नका, शेवटी एक्स्टर्नल (बाहेरून येणारे परीक्षक) तीच चाळतात.

मजकूर ठेवायचा कसा यावर आमचं थोडं भांडण झालं. पार्टनरला गॅप बफर करायचा होता, इमॅक्स या एडिटरमध्ये असतो तसा, कर्सरच्या जागी मोकळी जागा ठेवायची म्हणजे टाईप करताना मागचा मजकूर सरकवावा लागत नाही. मी म्हणलं ओळींचा ॲरे (नंबर लावलेली यादी) करू, प्रत्येक ओळ एक वेगळी स्ट्रिंग. साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २०१६ मध्ये किलो नावाचा जेमतेम हजार ओळींचा एडिटर लिहून मोकळा केलाय, त्यात पण ओळींचाच ॲरे आहे. आम्ही तो पूर्ण वाचला, समजला, मग बंद केला आणि आपलं आपण लिहिलं. रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट नमूद पण केलं, कारण मॅडम विचारणार हे नक्की होतं आणि त्यांनी विचारलंच. लिंक्ड लिस्ट (साखळीसारखी, एकीला पुढची ओळ जोडलेली यादी) का नाही घेतली हा पण त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर, पाचशेव्या ओळीवर जायचं तर लिस्टमध्ये पहिल्यापासून चालत जावं लागतं, ॲरेत थेट जाता येतं, आणि स्क्रीन रंगवताना आपल्याला सारखं कुठल्यातरी मधल्याच ओळीवर जायचं असतं.

आता ६ फेब्रुवारी. उघडणं, टाईप करणं, सेव्ह करणं चालायला लागलं होतं आणि आनंदाच्या भरात आम्ही धोट्याचाच कोड धोट्यात लिहायला लागलो होतो. रात्री साडेअकरा वाजता मी शोधण्याचं फंक्शन लिहून सेव्ह दाबलं आणि सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीत नको तिथं हात घातला म्हणून प्रोग्राम जागेवर बंद. परत उघडलं तर फाईल रिकामी, शून्य बाईट. आम्ही सेव्ह करताना फाईल थेट लिहायला उघडत होतो, आणि तशी उघडली की सिस्टीम आधी जुना मजकूर पुसते, मग नवीन लिहिते. या दोन्हींच्या मधे आमचा प्रोग्राम मेला. शेवटचा गिट कमिट (कोडची नोंदवून ठेवलेली प्रत) ४ तारखेचा होता, म्हणजे दोन दिवसांचं काम गेलं. पार्टनरला फोन केला, तो काही बोललाच नाही थोडा वेळ, मग म्हणाला, "जाऊ दे, झोप. उद्या सकाळी परत लिहू." मला झोप आली नाही. रात्रभर एकच विचार, हे आपल्या कोडचं झालं, उद्या कुणी यात स्वतःचं काही लिहिलं आणि आपल्यामुळं गेलं तर?

दुसऱ्या दिवशी आधी सेव्ह नव्यानं लिहिलं, बाकीचं सगळं बाजूला ठेवून. त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावानं तात्पुरती फाईल करायची, सगळा मजकूर तिच्यात लिहायचा, प्रत्येक राईट खरंच किती बाईट लिहून आलं ते तपासायचं, एफसिंक करायचं म्हणजे मजकूर डिस्कवर पोचल्याची खात्री होते, आणि मग रीनेम करून ती जुन्या नावावर ठेवायची. रीनेम अर्धवट होत नाही, एकतर जुनी फाईल असते नाहीतर नवी. फोल्डर तोच पाहिजे, कारण दुसऱ्या डिस्कवरची फाईल अशी रीनेम होत नाही. आणि जुन्या फाईलच्या परमिशन नव्या फाईलला द्यायला विसरू नका, आम्ही विसरलो होतो, त्यामुळं एक शेल स्क्रिप्ट चालायची बंद झाली होती. त्या दिवसापासून रोज कामावरून उठायच्या आधी गिट पुश, म्हणजे कोडची प्रत दुसरीकडं पाठवून ठेवायची.

मग मराठी. सिनॉप्सिसवर लिहून दिलेलं, त्यामुळं सुटका नव्हती. १० फेब्रुवारीला इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड लावून पहिल्यांदा मराठी टाईप केलं तर स्क्रीनवर काहीच उमटेना. इंग्रजी नीट, मराठी गायब. एकेक बाईट छापून बघितली तेव्हा दिसलं, 'स' टाईप केला की यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाईटमध्ये लिहायच्या पद्धतीत) तीन बाईट येतात, २२४, १६४, १८४. आणि आमच्या कोडमध्ये त्या उणे ३२, उणे ९२, उणे ७२ अशा दिसत होत्या. सी मधला साधा कॅर (एक बाईट ठेवायचा टाईप) आमच्या मशीनवर साईन्ड, म्हणजे उणे आकडे पण धरणारा असतो, १२७ च्या पुढचा आकडा उणे होतो, आणि आमची अट होती की ३२ पेक्षा लहान असेल तर कंट्रोल कॅरेक्टर (न दिसणारा हुकूम) समजून सोडून दे. अख्खी देवनागरी आम्ही कंट्रोल कॅरेक्टर म्हणून फेकून देत होतो! अनसाईन्ड हा एक शब्द घातला आणि अक्षरं उमटली.

पण उमटल्यावर खरं काम सुरू झालं. बॅकस्पेस दाबला की एकच बाईट जायची आणि मागं प्रश्नचिन्हाची काळी चौकट राहायची. ते सोपं निघालं, यूटीएफ-८ मध्ये अक्षराच्या पहिल्या बाईटनंतरच्या बाईटचे पहिले दोन बिट नेहमी एक-शून्य असतात, तशी बाईट दिसतेय तोपर्यंत मागं जात राहायचं, अक्षराची पहिली बाईट आली की थांबायचं. ही रचना केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये केली, आणि याच थॉम्प्सननी १९६९ मध्ये युनिक्सचा पहिला एडिटर एड लिहिला होता. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, म्हणजे एडिटर लिहिणाऱ्याची अडचण माहीत असलेल्याच माणसानं हे केलंय. याच रचनेमुळं आमचं शोधायचं फंक्शन मराठीसाठी काहीच न बदलता चाललं, कारण एका अक्षराच्या बाईट दुसऱ्याच्या मधेच जुळतायत असं त्यात होऊच शकत नाही.

कर्सर कुठं ठेवायचा हे मात्र अडीच-तीन आठवडे पुरलं. एकच शब्द घेतो, आपलं सोलापूर. मेमरीत हा शब्द २१ बाईट आहे. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना नंबर देणाऱ्या यादीच्या) हिशोबानं ७ चिन्हं, स, ओची मात्रा, ल, काना, प, दीर्घ ऊकार, र. वाचणाऱ्याला विचारलं तर अक्षरं ४, सो ला पू र. आणि टर्मिनलचे रकाने किती लागतात ते सांगणाऱ्या फंक्शनला विचारलं तर ६, कारण काना आणि ओची मात्रा यांना तो एकेक रकाना देतो आणि खालच्या ऊकाराला शून्य. २१, ७, ६, ४. एका शब्दाला चार लांब्या, आणि एडिटरमध्ये चारही लागतात, मेमरी हलवायला २१, खोडायला ७, कर्सर ठेवायला ६, बाण दाबल्यावर पुढं जायला ४. हे आकडे आम्ही कागदावर लिहून लॅपटॉपच्या वर चिकटवले होते, कुठल्याही बगवर आधी विचारायचं, इथं चारातला कुठला आकडा पाहिजे आणि आपण कुठला वापरला?

त्यात एक गंमत झाली. मराठी टाईप करत गेलं की कर्सर उजवीकडं जायच्या ऐवजी डावीकडं सरकत जायचा. रुंदी सांगणारं फंक्शन प्रत्येक मराठी चिन्हाला उणे एक देत होतं. प्रोग्रामच्या सुरुवातीला सेटलोकेल (भाषा आणि लिपीची सेटिंग लावणारं फंक्शन) बोलवायचं राहिलं होतं, ते नसेल तर सी ला इंग्रजीच्या पलीकडचं काही छापण्याजोगं वाटतच नाही. एक ओळ. तीन दिवस.

बॅकस्पेसनं पूर्ण अक्षर खोडायचं की नुसती मात्रा? पार्टनर म्हणाला बाणानं पूर्ण अक्षर ओलांडायचं म्हणजे कर्सर 'क्ष' च्या पोटात अडकणार नाही, पण बॅकस्पेसनं एकच चिन्ह खोडायचं, कारण माणूस बहुतेक वेळा वेलांटी चुकली म्हणून खोडतो, अख्खं अक्षर परत टाईप करायला लावलं तर वैतागेल. मला पटलं, तसंच ठेवलं.

तपासायला आम्ही एक फाईल केली, सोलापूरच्या हिशोबानं, मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही. तेलुगू ओळी पार्टनरच्या आईकडून, कन्नड ओळी आमच्या शेजारच्या आजींकडून, त्या अक्कलकोटच्या बाजूच्या आहेत, त्यांनी बोलून दाखवल्या आणि त्यांच्या नातवानं टाईप करून दिल्या. तिन्ही लिप्या यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीनच बाईट घेतात त्यामुळं निम्मं काम आपोआप झालं, पण तेलुगू जोडाक्षरं खाली लटकतात आणि त्यांची रुंदी टर्मिनल आपल्या मनानं धरतो. एकच ओळ दोन टर्मिनलमध्ये दोन तऱ्हेनं दिसली. ते आमच्या हातात नाही हे मान्य करायला वेळ लागला. रिपोर्टच्या मर्यादा या प्रकरणात दोन्हीचे स्क्रीनशॉट लावून लिहून टाकलं.

१ मार्चला मॅडमना डेमो दिला. लॅबच्या मशीनवर कंपाईलच होईना, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रामच बनेना, तिथं कंपायलर जुना होता, शेवटी माझ्या लॅपटॉपवर दाखवलं. डेमोच्या आदल्या दिवशीच ज्या मशीनवर द्यायचाय तिथं चालवून बघा. मॅडमनी त्यांच्या मुलीचं नाव टाईप केलं, त्यात जोडाक्षर होतं, बाण मागंपुढं करून बघितला, आणि म्हणाल्या, "हे बरोबर जातंय की." त्या दिवशी आम्ही दोघं पार्क चौकापर्यंत चालत आलो, एवढं हलकं वाटत होतं.

उरलेला मार्च रिपोर्टचा. ५८ पानं, तीन प्रती, एक डिपार्टमेंटला आणि दोन आमच्या. १५६ पानं काळीपांढरी २ रुपयांनी ३१२, स्क्रीनशॉटची १८ रंगीत पानं १० रुपयांनी १८०, हार्ड बाईंडिंग २२० रुपयांनी तीनचं ६६०. झाले ११५२. सबमिशनसाठी पेन ड्राईव्ह ३८०. दोघांत मिळून १५३२ रुपयांत बसलं असतं, पण सर्टिफिकेटच्या पानावर आम्ही शीर्षकात 'मराठी' शब्द मागंपुढं केला होता आणि सिनॉप्सिसशी जुळेना म्हणून ऑफिसनं परत पाठवलं. बाईंडिंग झालेलं होतं. नवी पेठेतल्या बाईंडिंगवाल्या काकांनी पान कापून नवीन चिकटवून दिलं, तिन्हीचे मिळून ९० रुपये घेतले आणि म्हणाले, "दरवर्षी चार पोरं येतात याच कामाला." म्हणून म्हणलं शीर्षक कॉपी करून ठेवा. आणि प्रिंटला वर्डची फाईल नेऊ नका, पीडीएफच न्या, दुकानातल्या मशीनवर आपला मराठी फॉन्ट नसतो.

सह्यांचा क्रम गाईड, मग एचओडी (डिपार्टमेंटचे प्रमुख), मग प्राचार्य. एचओडी परीक्षेच्या कामात होते, तीन दिवस खेपा घातल्या, चौथ्या दिवशी सकाळी साडेआठला केबिनबाहेर जाऊन उभे राहिलो तेव्हा दोन मिनिटांत झालं. २२ मार्चला सबमिट.

व्हायवाला एक्स्टर्नल सर बाहेरगावचे होते. डायरी चाळली, जानेवारीतल्या रिकाम्या आठवड्यावर बोट ठेवून हसले, पुढं गेले. मग पहिलाच प्रश्न, "सेव्ह करताना लाईट गेली तर?" पार्टनरनं माझ्याकडं बघितलं. मी ६ फेब्रुवारीपासून सुरू केलं, फाईल कशी गेली, मग तात्पुरती फाईल, एफसिंक, रीनेम, सगळं सांगितलं. सर ऐकत होते, मग म्हणाले, "आणि ती फाईल सिमलिंक असेल तर?" सिमलिंक म्हणजे दुसऱ्या फाईलकडं नुसतं बोट दाखवणारी फाईल, आणि हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. माहीत नाही म्हणून सांगितलं. त्यांनीच तिथं करून दाखवायला लावलं, तर रीनेमनं सिमलिंक जाऊन तिच्या जागी साधी फाईल आली आणि मूळ फाईल जुनीच राहिली. "लिहून घ्या," म्हणाले. घेतलं. अजून दोन-तीन प्रश्न रॉ मोडवर, आणि संपलं. सगळे मिळून वीस मिनिटं.

काल पाडव्याला पार्टनरच्या घरी गेलो होतो. त्याच्या वडिलांना धोटा उघडून दिला, पोरानं लेआऊट तेलुगू करून दिला, आणि त्यांनी एका बोटानं शोधून शोधून स्वतःचं नाव टाईप केलं, मग कारखान्याच्या मालकाचं, मग एक अक्षर चुकलं म्हणून बॅकस्पेस दाबला. फक्त मात्रा गेली. पार्टनरनं माझ्याकडं बघितलं. वडील म्हणाले, "हे गेलेलं परत आणायला काय दाबायचं?" अंडू आम्ही केलेलंच नाहीये. सिमलिंकच्या खाली वहीत ते पण लिहिलंय, रविवारी पार्टनर येतोय, आधी अंडू घेणार.